पुढच्या आवृत्तीत नक्की

अभिनंदन! तुमच्याकडे स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तुमच्या लॅपटॉपवर ती चालते. मेव्हण्याच्या लॅपटॉपवर आवाज सोडून बाकी सगळं चालतं. आमगावच्या एका मित्राकडेही तुम्ही ती टाकून दिली होती. दिवाळीपासून त्याचा फोन लागत नाही. हिशेब केला तर तीन वापरकर्ते झाले. आणि तिसरा माणूस जोडला गेला की या धंद्यात एक जबाबदारी अंगावर येते. पुढे काय करणार, ते जाहीर करावं लागतं. जाणकार त्याला रोडमॅप म्हणतात.

घाबरू नका. ऑपरेटिंग सिस्टिम करायला जेवढी अक्कल लागते तेवढी रोडमॅप करायला लागत नाही. गोंदियाच्या रेलटोलीत एका खोलीत बसून मी आजवर चार रोडमॅप काढले आहेत. आवृत्ती एकही काढली नाही. त्यामुळे रोडमॅप या विषयाकडे जितकं निवांत लक्ष मला देता आलं, तितकं आवृत्त्या काढत बसणाऱ्या लोकांना देता येत नाही, हे तुम्हालाही पटेल. तर वही घ्या.

१. आधी बारसं उरका

पोर जन्मायच्या आधी नाव ठेवू नये, असं घरची मंडळी सांगतील. ऐकू नका. या क्षेत्रात नाव हाच पाळणा आहे.

आदर्श डोळ्यांपुढे असावा म्हणून सांगतो. भारत सरकारच्या सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' आणली, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. चेन्नईच्या केंद्रात तयार झालेली, डेबियन लिनक्सच्या पायावर उभी असलेली. तिच्या आवृत्त्यांची नावं वाचा: अनोखा, अनूप, दृष्टी, उन्नती, ऊर्जा, प्रज्ञा. संस्कृतच्या प्राध्यापकांच्या घरी जेवायला गेलो आणि मुलांची ओळख करून दिली गेली, असं वाटतं. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर उबुंटूवर आधारलेली 'माया' बसवणार, आणि तिच्या राखणीला 'चक्रव्यूह' नावाची व्यवस्था असणार. माया म्हणजे लेकरावरची, किंवा शंकराचार्यांची. ऑपरेटिंग सिस्टिमला दोन्ही अर्थ लागू पडतात. चक्रव्यूहाबद्दल मी बोलत नाही. आत जाण्याचा मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो.

आपल्या जिल्ह्यात नावांना तोटा नाही. नागझिरा आहे, नवेगाव आहे, हाजरा आहे, कचारगड आहे. दोन नद्या मात्र टाळा. 'बाघ' नावाची आवृत्ती काढलीत तर लोक तिला दुसऱ्याच दिवसापासून बग म्हणतील. आणि 'चुलबंद' नावाची आवृत्ती कोणी सुरूच करून पाहत नाही. माझ्या दुसऱ्या रोडमॅपचं नाव चुलबंद होतं, म्हणून सांगतो.

२. वापरकर्ता ठरवा, पण गिऱ्हाईक पाहायला जाऊ नका

हा सगळ्यांत धोक्याचा टप्पा आहे. नवशिके उत्साहाच्या भरात देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन तासभर बसतात आणि आयुष्यातून उठतात. तिथे काय दिसतं? धान विकायची ऑनलाइन नोंदणी करायची म्हणून सातबारा काढायला आलेले एक बाबाजी. उत्पन्नाचा दाखला हवा असलेली बारावीतली पोरगी. आठ-अ आणि सातबारा यांतला फरक सकाळपासून अकराव्यांदा सांगणारा केंद्रचालक. त्या केंद्रचालकाला ऑपरेटिंग सिस्टिमकडून काय पाहिजे असतं? ब्राउझर उघडावा. अंगठ्याचं यंत्र ओळखलं जावं. डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं टोकन चालावं. मराठी लिहिता यावं. कागद निघावा.

मोजा. पाच गोष्टी. पाच गोष्टींचा रोडमॅप अर्ध्या पानात संपतो आणि वरून त्या करून दाखवाव्या लागतात.

त्यापेक्षा वापरकर्ता घरीच घडवा. तो सत्तावीस वर्षांचा आहे. सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः कंपाइल करतो. त्याला स्वातंत्र्याची ओढ आहे आणि त्याच्याकडे फायबरचं इंटरनेट आहे. त्याला आजवर कधी प्रिंट काढावी लागलेली नाही, कारण त्याच्या नावावर शेत नाही. हा माणूस गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत सापडणार नाही, हेच त्याचं मोठेपण. तो कधी तक्रार घेऊन येत नाही.

३. पहिलं प्राधान्य: जे दिसतं ते

पार्श्वचित्र. दुसरा विचार नको. धानाच्या हिरव्यागार बांधीत उभी असलेली सारसांची जोडी घ्या. महाराष्ट्रात उरलेसुरले सारस मुख्यतः आपल्याकडेच आहेत, त्यामुळे जिल्ह्याचा अभिमानही जपला जातो. शिवाय सारस जन्मभर जोडीने राहतो म्हणतात. तुमची सिस्टिमही बहुतेकांच्या संगणकात विंडोजच्या शेजारी, जोडीनेच राहणार आहे.

त्यानंतर काळी थीम. मग सुरू होतानाचं चलच्चित्र. मग चिन्हांचे कोपरे गोल करा. पुढच्या रोडमॅपमध्ये तेच कोपरे पुन्हा चौकोनी करता येतात. एका कोपऱ्यावर दोन आवृत्त्या निघतात, आणि धानाच्या एका बांधीत दोन पिकं घेणाऱ्याला आपण प्रगतिशील शेतकरी म्हणतोच.

४. प्रिंटर हा विषय आदराने पुढे ढकला

आता जरा सावरून बसा, कारण इथे इतिहास आहे.

ज्याचा प्रोग्रॅम कोणालाही पाहता-बदलता येतो त्या मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळ ज्या घटनेतून निघाली असं सांगतात, ती घटना प्रिंटरचीच आहे. साधारण १९८० ची गोष्ट. अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने सोय करून ठेवली होती की कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल. नव्या प्रिंटरचा प्रोग्रॅम मात्र कोणी दाखवेना. ज्याच्याकडे तो होता त्याने न दाखवण्याचं लिहून दिलं होतं. स्टॉलमनला याचा असा राग आला की १९८३ च्या सप्टेंबरात त्याने अख्खी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम करायची घोषणा केली, ग्नू नावाची.

म्हणजे बघा. एक कागद अडकला, त्यातून जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली, शास्त्रज्ञांचे महासंगणक, बँकांचे सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन या घराण्याच्या लिनक्स कर्नलवर चालू लागले. कागद मात्र अजून अडकलेलाच आहे.

कारण साधं आहे आणि ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, म्हणजे चारचौघांत टाळता येईल. महागड्या प्रिंटरला पान समजतं. त्याला सांगितलं की इथे रेघ, इथे अक्षर, की तो स्वतः आखून घेतो. आपल्याकडे कचेऱ्याकचेऱ्यांत टेबलाच्या कोपऱ्यावर जो स्वस्त, पांढरा, छोटा लेझर प्रिंटर असतो, त्याच्या डोक्यात एवढी जागाच नसते. पान संगणकाने आखायचं, आणि कंपनीच्या खासगी बोलीत ठिपक्या-ठिपक्याने त्याला भरवायचं. ती बोली कंपनीच्या ड्रायव्हरला येते. ड्रायव्हर विंडोजसाठी असतो. लिनक्ससाठी असलाच तर तो आठ वर्षांपूर्वीचा असतो, आणि तो बसवण्यासाठी सोळा ओळींच्या आज्ञा द्याव्या लागतात. त्यांतली चौदावी ओळ नेहमी चुकते.

माझ्या एका प्रिंटरने मला एकदा पहिलं पान उत्तम काढून दिलं. दुसऱ्या पानासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागला. तिसऱ्यासाठीही तसंच. चौतीस पानांचा दस्तऐवज होता. तेवढ्यात लाइट गेली. (तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. त्यामुळे आमच्याकडे वीज जाते तेव्हा घरच्या माणसाने पाठ फिरवल्यासारखं जास्त लागतं.)

म्हणून रोडमॅपमध्ये प्रिंटर लिहायचा तो असा: 'छपाई व्यवस्थेचा सर्वंकष आढावा.' आढाव्याला ड्रायव्हर लागत नाही.

५. मराठीसाठी उपसमिती नेमा

मराठीसाठी काहीतरी करा असं कोणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. हे काम असं आहे की रोडमॅपची दहा पानं सहज भरतात.

पहिला वाद कीबोर्डचा घाला. सरकारने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी प्रमाण केली: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, बहुतेक भारतीय लिपींना चालणारी. पण गोंदियाच्या टायपिंग क्लासांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकून बाहेर पडलेल्या बोटांना रेमिंग्टनची सवय आहे. 'कि' लिहायचा तर रेमिंग्टनवाला आधी वेलांटी मारतो आणि मग क; इन्स्क्रिप्टवाला आधी क आणि मग वेलांटी. दोघांना एका खोलीत बसवा, चहा सांगा आणि दार ओढून घ्या. पुढच्या तिमाहीचं काम झालं.

दुसरा वाद शब्दांचा. 'फाइल'ला काय म्हणायचं? मंत्रालयात नस्ती म्हणतात. भाषाशुद्धीवाले धारिका म्हणतात. बाकी अकरा कोटी लोक फाइल म्हणतात, म्हणून तो पर्याय पहिल्याच बैठकीत बाद करा. माझ्या तिसऱ्या रोडमॅपमध्ये आम्ही 'नस्ती जतन करा' असं भाषांतर केलं होतं. एका काकूंनी विचारलं, नसती तर जतन कशी करायची? तो मुद्दा अजून प्रलंबित आहे.

तिसरं प्रकरण अक्षरांचं, आणि इथे मी क्षणभर गंभीर होतो, माफ करा. मराठीला 'ॲ' लागतो. ॲप लागतं, ॲडव्होकेट लागतो. हिंदीच्या सोयीचा 'ऍ' युनिकोडमध्ये पहिल्यापासून होता. आपला 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मध्ये. तोवर तो अ वर चंद्र चढवून भागवला जायचा, आणि काही फाँटांत चंद्र शेजारच्या अक्षरावर उगवायचा. दुसरा आपला आजार तो आडव्या र चा. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. सिस्टिम बेफिकिरीने केली असेल तर 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं, म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावर आणखी एक रफार चढतो. त्याच्या डोक्यावर आधी काय कमी आहे?

ही दुरुस्ती खरं तर एका रविवारची आहे. म्हणूनच ती करू नका. एकदा केली की उपसमितीला काम उरत नाही.

जुन्या फायलींचं काय, असं विचारतील. तालुक्याच्या कचेऱ्यांत, छापखान्यांत, वकिलांच्या कपाटांत कृतीदेव आणि श्रीलिपीत लिहिलेले ढिगारे पडले आहेत. त्या फाँटांची युक्ती अशी होती की संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी साठवतोय, आणि फाँट त्याला मराठीचा मुखवटा चढवायचा. फाँट काढला की मुखवटा गळतो आणि ठरावाच्या जागी इंग्रजी मुळाक्षरांची भेळ दिसते. तुमच्या सिस्टिमवर ती भेळ दिसेल. रोडमॅपमध्ये लिहा: 'वारसा दस्तऐवजांचं मूळ स्वरूपात जतन.'

आणि गोंडी? इथे तुम्हाला मोठी संधी आहे, सोडू नका. बाघ नदी ओलांडली की पलीकडे बालाघाट जिल्हा लागतो. तिथल्या मुन्शी मंगलसिंग मसाराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. ती २०१७ मध्ये युनिकोडमध्ये गेली, मसाराम गोंडी या नावाने. पुढच्याच वर्षी तेलंगणात हस्तलिखितांतून सापडलेली गुंजाळा गोंडीही गेली. एका माणसाने एकट्याने केलेली लिपी शंभराव्या वर्षाला टेकताना जगाच्या यादीत बसली. सालेकसा आणि देवरीच्या बाजूला गोंडी बोलणारी घरं आहेत. त्यांच्या पोरांना स्वतःच्या लिपीत स्वतःचं नाव पडद्यावर दिसावं यासाठी फाँट आहे, संकेतांक आहेत. राहिली आहे ती एक मांडणी आणि थोडी मेहनत. मोठ्या कंपन्यांना यात पैसा दिसत नाही. छोट्या सिस्टिमने करावं असं काम जर जगात कुठलं असेल तर ते हेच.

रोडमॅपमध्ये याला सत्ताविसावा क्रमांक द्या. काळ्या थीमच्या दुसऱ्या छटेनंतर.

६. चालत असलेलं काहीतरी निवडा आणि नव्याने लिहा

पावसाळ्यात एका ठिकाणी गळतं, तर शहाणा माणूस तिथलं कवेलू बदलतो. प्रोग्रॅमर घर पाडतो. यात त्याचा दोष नाही. दुसऱ्याचं कवेलू शोधणं कंटाळवाणं असतं, आणि नव्या घराचा नकाशा काढताना चहा चांगला लागतो.

परंपरा थोर आहे. ग्नूवाल्यांनी १९९० मध्ये हर्ड नावाचं कर्नल करायला घेतलं. रचना फार विचारपूर्वक केलेली होती. इतकी, की १९९१ मध्ये हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, तेवढा विचार न करताच एक कर्नल लिहून मोकळा झाला. त्याच्या कर्नलचं काय झालं ते तुमच्या खिशातल्या फोनला विचारा. हर्डची १.० आवृत्ती अजून यायची आहे.

त्याहून शुद्ध उदाहरण १९९६ चं. विंडोज ९५ सारखीच पण मुक्त सिस्टिम करायची म्हणून काही मंडळी जमली, प्रकल्पाचं नाव फ्रीविन९५. रचना कशी असावी याची चर्चा सुरू झाली आणि प्रकल्प त्या चर्चेतच अडकून राहिला. यातूनच पुढे रिॲक्टओएस निघाली, ती आज पंचवीस वर्षांहून जास्त काळ अल्फा अवस्थेत आहे. माझ्या देव्हाऱ्यात फ्रीविन९५ चा फोटो असता, पण फोटो काढण्यासारखं त्यांनी काही बनवलंच नव्हतं.

तुम्हाला एवढं साधणार नसेल तर पडद्यावर चित्र दाखवणारी व्यवस्था बदलायला घ्या. जुनी 'एक्स' १९८४ मधली, एमआयटीतली. तिच्या जागी वेलँड आणायचं काम २००८ मध्ये सुरू झालं. तुम्ही आत्ता सुरुवात केलीत तरी उशीर झाला असं कोणी म्हणणार नाही.

७. तारीख

देऊ नका. 'तयार होईल तेव्हा' एवढंच लिहा, आणि असं लिहा की विचारणाऱ्यालाच आपण घाई केल्याची लाज वाटावी.

या बाबतीत माझं दैवत हायकू आहे. नव्वदच्या दशकात बीओएस नावाची एक देखणी सिस्टिम होती. २००१ मध्ये तिची कंपनी पामने विकत घेतली आणि ती सिस्टिम संपल्यात जमा झाली. तिच्या चाहत्यांनी त्याच वर्षी ठरवलं, आपण ती पहिल्यापासून पुन्हा लिहू. तीच हायकू. पहिली अल्फा आली २००९ मध्ये. पहिली बीटा आली २०१८ मध्ये. पाचवी बीटा २०२४ मध्ये. 'आर-१', म्हणजे पहिली खरी आवृत्ती, अजून यायची आहे. आता हायकू हा जपानी काव्यप्रकार. मराठीत तो शिरीष पैंनी रुजवला. त्याची अक्षरं सतरा. २००१ ते २०१८ किती वर्षं झाली? दर अक्षराला एक वर्ष. छंद सांभाळून उशीर करणारी दुसरी सिस्टिम मला ठाऊक नाही.

(वापरून मात्र पाहू नका. जुन्या संगणकावरही ती काही सेकंदांत सुरू होते, विचार करायच्या आत खिडक्या उघडते, आणि मग आपल्या चार रोडमॅपांकडे पाहवत नाही.)

दुसऱ्यांच्या तारखांवर मात्र नजर ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे धडधाकट संगणक गावोगाव पडून आहेत. शाळांत आहेत, पतसंस्थांत आहेत, धानाच्या गिरण्यांच्या कचेरीत पंख्याखाली आहेत. इतकी मोठी संधी आपल्यासारख्यांना क्वचित येते. तिचा अभ्यास करण्यासाठी एक गट स्थापन करा आणि गटाला विंडोज १२ येईपर्यंत मुदत द्या.

संगणक फारच जुना, ३२ बिटांचा निघाला तर? काळजी नको, तो गाळायचाच आहे. उबुंटूने २०१७ मध्ये गाळला, डेबियनसारख्या धीराच्या माणसांनीही २०२५ मध्ये त्याच्यासाठी इन्स्टॉलर काढणं थांबवलं. जुने संगणक जगवू म्हणून ज्या चळवळीची जाहिरात झाली तिने जुने संगणक सोडले, हे वाक्य तुम्ही रोडमॅपमध्ये लिहायचं नाही. 'आधुनिकीकरण' लिहायचं.

८. सरकारचं नाव घ्या, केरळचं घेऊ नका

२०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण आणलं. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरचा विचार आधी करा, नाही वापरलं तर कारण लिहा, असं त्यात आहे. आपल्याकडे कारण लिहिण्यात कोणी हरलेलं नाही. तरीही प्रस्तावनेत या धोरणाचा उल्लेख असावा, कागदाला वजन येतं.

बैठकीत कोणी केरळचा विषय काढला तर चटकन लाइट कधी येणार ते विचारा. केरळवाल्यांनी खेळ बिघडवून ठेवला आहे. त्यांनी सगळ्या जगासाठी सिस्टिम केली नाही, शाळा धरली. आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून, आणि आता काइट या संस्थेतून, शाळांपुरती लिनक्सची एक आवृत्ती तयार ठेवली. तिच्यावरच चालणारी संगणकाची पाठ्यपुस्तकं काढली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मास्तरांना शिकवलं. मास्तराला येतं म्हटल्यावर पोराला येतं, पोराला येतं म्हटल्यावर घरात येतं, मग रोडमॅप वाचायला कोण उरतं? पार्श्वचित्र काय ठेवलं होतं, हे तिथे कोणी विचारतसुद्धा नाही.

९. एक पोरगा असतो

प्रत्येक प्रकल्पात असतो. तो बैठकीत बोलत नाही. रोडमॅपवर मतदान असतं तेव्हा तो दिसत नाही. सगळे झोपल्यावर तो कुणाच्या तरी वायफायचा घोळ सोडवतो, आणि सकाळी बदलांच्या नोंदीत एक ओळ दिसते: 'दुरुस्त केलं.' दऱ्या आणि दर्या नीट दिसतात ते अशाच कुणाच्या जिवावर. अक्षरं जुळवणारं हार्फबझ बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या माणसाने वर्षानुवर्षं सांभाळलं. ते फायरफॉक्सपासून अँड्रॉइडपर्यंत सगळीकडे आहे, आणि देवनागरी ही काही त्याच्या घरची लिपी नव्हे.

अशा पोराचं काय करायचं? त्याला रोडमॅप समितीत घ्या. आठवड्याला दोन बैठका लावा, इतिवृत्त त्याच्याकडे द्या. महिन्याभरात तो आपल्यासारखा होतो किंवा सोडून जातो. आमचा सोडून गेला. नागपूरला असतो आता, कुठल्याशा कंपनीत, विंडोजवर. होळीला भेटला तेव्हा त्याने विचारलं, तो प्रिंटर चालला का? मी म्हटलं, आढावा सुरू आहे.

१०. प्रकाशन

रोडमॅप पूर्ण झाला की तो कागदावर असावा. पडद्यावरच्या गोष्टीला आपल्याकडे मान नाही.

आता अडचण तुमच्या लक्षात आली असेल. तुमच्या सिस्टिमवरून कागद निघत नाही. हरकत नाही, फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. (हो, झेरॉक्सच. स्टॉलमनचं वर्तुळ असं पूर्ण होतं.) फाइल कोणत्या स्वरूपात न्यायची यात कस लागतो. पीडीएफ नेली तर सगळं नीट छापलं जाईल, पण तुम्ही तत्त्वाचे आहात. मी माझा चौथा रोडमॅप साधी टेक्स्ट फाइल म्हणून नेला. मुक्ततेला याच्यापुढे पायरी नाही.

दुकानातला संगणक विंडोज एक्सपीवर चालत होता. त्याची देखभाल २०१४ मध्ये संपली आहे, हे दुकानदाराला कोणी कळवलेलं नव्हतं, त्यामुळे तो सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत न थांबता कागद काढत होता. प्रिंटर तोच, छोटा पांढरा. पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, बटण दाबलं, पान बाहेर. चार सेकंद.

त्या संगणकात देवनागरीची सोय कधी सुरू केलेली नव्हती. त्यामुळे रोडमॅपचं एकही अक्षर उमटलं नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकोन आला होता. ओळीने चौकोन, पानभर चौकोन, मधेमधे रिकाम्या जागा, एका ठिकाणी इंग्रजी अंकांतला 27.

माझ्या मागे रांगेत तेच बाबाजी उभे होते, सातबाराचे. केंद्रावरून त्यांना इकडे पाठवलं होतं. त्यांनी माझ्या हातातलं पान जरा आपल्याकडे ओढून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, आणि एकेका चौकोनावरून बोट फिरवत बराच वेळ पाहिलं.

"गट नकाशा निघाला वाटते," ते म्हणाले. "यातली आमची बांधी कोनती जी?"